स्वतंत्र लेबलचे संगीत-संकेतस्थळ : आखणी आणि उभारणी

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीबाहेर राहून, स्वतःच्या निवडीने आणि स्वतःच्या खर्चाने संगीत प्रसिद्ध करणाऱ्या लहान संस्थेला 'स्वतंत्र लेबल' म्हणतात. ते एका गायकाचे असू शकते, दोन-चार कलावंतांचे असू शकते किंवा एखाद्या मंडळाचेही. अशा लेबलने आपले संगीत इंटरनेटवर थेट ऐकण्यासाठी ठेवले, म्हणजे त्याचे स्ट्रीमिंग संकेतस्थळ झाले.

गौतमपुरा, देपालपूर, इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यातील मराठी घरांत आजही कॅसेटी आहेत. गणेशोत्सवातील गायन, एखाद्या बुवांचे कीर्तन, भजनी मंडळाची एकादशी, आजीने लग्नघरी म्हटलेल्या ओव्या त्यांवर मुद्रित आहेत. पुढची पिढी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहे आणि तिला हे ऐकायचे आहे. त्यामुळे 'आपलेच संकेतस्थळ काढू या' असा विचार अनेक मंडळांत निघतो. अशा कामात काय काय येते, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाणे वाजवणारे बटण हा या कामातला सोपा भाग आहे. कोण गाते आहे, साथीला कोण आहे, रचना कोणाची आणि हक्क कोणाचा, ही नोंद हा त्यातला अवघड भाग. संकेतस्थळ टिकते ते या नोंदीवर.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात झाले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कामगारांना आवाजावरून गायिका ओळखता येणार नव्हती, म्हणून गौहर जान यांच्यासारख्या कलावंत मुद्रणाच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत. आज शंभराहून अधिक वर्षांनी ती तबकडी कागदी चिठ्ठीशिवाय हाती आली, तरी गाणारी कोण हे कळते, कारण नाव आवाजाच्या सोबतच गेले आहे. संगीताच्या नोंदीचा याहून चांगला धडा नाही.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत, त्यामुळे ख्यालही तेवढ्यात बसवावा लागे. १९३५ नंतर मुंबईच्या 'यंग इंडिया'सारख्या देशी मुद्रेने नव्या कलावंतांना जागा दिली, तरी बाजार बराच काळ एका मोठ्या कंपनीच्या हाती होता. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गावोगावच्या लहान प्रकाशकांनी ही मक्तेदारी मोडली. लोकगीते, भजने, कीर्तने प्रथमच मोठ्या प्रमाणावर विकली गेली. मात्र घाईच्या त्या धंद्यात कॅसेटच्या वेष्टनावर मुख्य गायकाखेरीज कोणाचे नाव पुष्कळदा नसे. तबकड्यांच्या नोंदी लावण्याचे चिकाटीचे काम १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संग्राहकांच्या संस्थेने केले. कॅसेटींच्या वाट्याला असे काम फारसे आले नाही.

तीन उदाहरणे

अंडरस्कोर रेकॉर्ड्स : गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये सुरू केलेले हे स्वतंत्र लेबल प्रथमपासून संकेतस्थळावर आधारलेले होते. त्या काळी घरोघरी वेगवान इंटरनेट नव्हते. कलावंतांनी स्वतः काढलेली ध्वनिमुद्रणे आणि पुस्तके रसिकांपर्यंत पोहोचवणे आणि कलावंत व लेबल यांच्यातील व्यवहार सरळ ठेवणे, हा त्यामागचा विचार. शुभाताईंना देवासच्या कुमार गंधर्वांचेही मार्गदर्शन लाभले होते, त्यामुळे आपल्या भागाशी या प्रयत्नाचे नाते आहे.

जात्यावरच्या ओव्या : पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा संगणकीय संग्रह तयार झाला. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होतात. हे लेबल नव्हे, पण नोंदीच्या दृष्टीने आदर्श आहे. ओवी कोणी म्हटली आणि कोणत्या गावी, हे ओवीबरोबरच येते. जात्यावर बसलेली बाई येथे 'पारंपरिक' या एका शब्दामागे दडत नाही.

अजब शहर : बंगळुरूच्या कबीर प्रकल्पाचे हे संकेतस्थळ. शबनम विरमाणी यांनी आरंभलेल्या या प्रकल्पात लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया यांच्यासह माळव्यातील कबीर गाणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. पद, त्याचा अर्थ आणि गाणारा एकाच ठिकाणी भेटतात. बोली न समजणाऱ्या श्रोत्यालाही पदाला धरून राहता येते.

पहिली पायरी : नोंदवही

काम सुरू होते ते वहीपासून. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांची मांडणी कलावंत, अल्बम आणि गाणे अशा तीन रकान्यांची असते. चित्रपटगीताला ती कशीबशी पुरते. आपल्या संगीताला पुढील रकाने लागतात :

• मुख्य गायक किंवा वादक आणि सर्व साथीदार : तबला, पखवाज, संवादिनी, तंबोरा, टाळ
• गानप्रकार : ख्याल, नाट्यपद, अभंग, कीर्तन, ओवी, लावणी, माळवी लोकगीत
• राग, ताल, लय आणि बंदिशीचे किंवा पदाचे पहिले शब्द
• शब्द कोणाचे, चाल कोणाची, राग नवा असल्यास तो कोणी बांधला
• स्थळ, प्रसंग, तारीख आणि मुद्रण करणारा
• मूळ साधन कोणते आणि ते सध्या कोणाकडे आहे
• परवानगी कोणाची, कधी आणि कशासाठी मिळाली

नवा राग कोणी बांधला, हा रकाना माळव्यात विशेष गरजेचा. कुमार गंधर्वांनी लोकधुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार असे राग उभे केले. केवळ रागाचे नाव लिहून ही गोष्ट कळत नाही.

प्रत्येक व्यक्तीला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांचे नाव अमीर खाँ, अमीर खान, आमिर खान असे कसेही लिहिले जाते आणि शोधणाऱ्यापुढे चित्रपट अभिनेता येऊन उभा राहतो. क्रमांक एक आणि नावाची लेखने अनेक, अशी सोय असली की घोटाळा टळतो.

ध्वनिमुद्रणालाही जागतिक ओळख-क्रमांक असतो. त्याला 'आयएसआरसी' म्हणतात. तो बारा अक्षर-अंकांचा असतो : देशाची दोन अक्षरे, नोंदणीधारकाची तीन चिन्हे, वर्षाचे दोन अंक आणि त्या मुद्रणाचे पाच अंक. हा क्रमांक मुद्रणाचा असतो, रचनेचा नव्हे. तोच अभंग दोन मैफलींत गायला तर क्रमांक दोन. भारतात याचे काम 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' ही संस्था पाहते.

दुसरी पायरी : हक्क

एका गाण्यात किमान चार हक्क असतात : शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि सादर करणाऱ्यांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे, तर सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षारंभापासून ५० वर्षे असतो. सादरकर्त्यांत तबलजी आणि पेटीवालेही येतात.

उदाहरणे पाहू. मुंगावलीत जन्मलेले, ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये वारले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २००१ अखेर संपला. त्यांची कविता नव्या चालीत गायची तर शब्दांसाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र तीच कविता रेडिओवर गाजलेल्या चालीत गायची, तर संगीतकाराचा हक्क पाहावा लागतो. 'गीतरामायणा'चे तसे नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी कितीही सुरेल गायले, तरी ते मुद्रण परवानगीशिवाय संकेतस्थळावर ठेवता येत नाही.

तुकोबांचा अभंग किंवा जात्यावरची ओवी यांचे शब्द सर्वांचे आहेत. पण ते गाणाऱ्या बाईंचा सादरीकरणाचा हक्क त्यांचाच असतो. 'पारंपरिक' म्हणून त्यांना न विचारणे कायद्यालाही धरून नाही आणि रीतीलाही. आकाशवाणीवरून घरी टेप केलेल्या मैफलीचेही तसेच. टेप आपली असते, मैफल आपली नसते. प्रसारणाचा स्वतंत्र हक्क २५ वर्षे असतो आणि त्याखेरीज कलावंतांचे हक्क राहतातच.

२०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाच्या उत्पन्नातील समान वाट्याचा हक्क मिळाला. तो कंपनीला लिहून देता येत नाही. हा वाटा गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली 'आयपीआरएस' ही संस्था करते. इंटरनेट सेवेला कायद्याने ठरलेल्या दराने, मालकाच्या संमतीवाचून संगीत वापरता येईल का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला होता. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने तो नकारार्थी निकालात काढला : प्रसारकांसाठीची ती सवलत स्ट्रीमिंगला लागू नाही. म्हणजे लहान लेबललाही प्रत्येक मालकाशी बोलूनच पुढे जावे लागते. परवानगी साध्या मराठीत, एका पानाची, पण लेखी असावी. कोणते मुद्रण, किती वर्षे, फक्त ऐकण्यासाठी की उतरवून घेण्यासाठीही, पैसे कसे वाटायचे आणि कलावंताने सांगितल्यास किती दिवसांत काढून टाकायचे, एवढे त्यात यावे.

तिसरी पायरी : मूळ प्रत आणि ऐकण्याची प्रत

कॅसेटचे संगणकीकरण चालत्या वेळेतच होते. एक तासाच्या टेपला एक तास लागतोच. त्याआधी फीत नीट गुंडाळली आहे का, बुरशी आहे का, हे पाहावे आणि यंत्राचे डोके स्वच्छ करून त्याचा कोन जुळवून घ्यावा. कोन चुकला तर आवाज मंद आणि दबलेला येतो आणि तो दोष नंतर पूर्णपणे निघत नाही.

जतनासाठी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट हे मान प्रचलित आहे. त्यात एका तासाच्या स्टीरिओ मुद्रणाला सुमारे २.०७ गिगाबाइट जागा लागते. शंभर तासांच्या संग्रहाला सुमारे २०७ गिगाबाइट, म्हणजे एका साध्या हार्ड डिस्कवर मावेल इतकीच. सीडीच्या मानाने तास सुमारे ६३५ मेगाबाइटचा होतो. ऐकण्यासाठी १२८ किलोबिटची प्रत केली तर तोच तास सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये बसतो. मूळ प्रतीवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नयेत. सफाई नेहमी वेगळ्या प्रतीवर करावी. उद्या चांगले साधन आले तर पुन्हा मूळ प्रतीकडे जाता आले पाहिजे.

ऐकण्याच्या प्रतीचे दोन-तीन दर्जे ठेवावेत. गावात नेटवर्क कमी-जास्त होते, म्हणून मुद्रणाचे काही सेकंदांचे तुकडे करून, वेग पाहून योग्य दर्जाचा तुकडा पाठवण्याची पद्धत वापरतात. २००९ मध्ये आलेली 'एचएलएस' ही पद्धत त्यासाठी सर्वत्र चालते. भाषणासारख्या कीर्तनाला आणि एकट्या आवाजातील ओव्यांना कमी दर्जाही पुरतो. तंबोऱ्याच्या सुरावर उभ्या राहणाऱ्या ख्यालाला तो पुरत नाही.

आवाजाची पातळी सर्व मुद्रणांत सारखी ठेवावी, पण मैफलीतील चढउतार दाबून टाकू नयेत. आलापाची हळुवार सुरुवात मोठी केली की द्रुत लयीतील शेवटाचा उठाव नाहीसा होतो.

चौथी पायरी : पान आणि वाजवण्याची सोय

आपला श्रोता बहुधा मोबाइलवर ऐकतो आणि पुष्कळदा साठीच्या पुढचा असतो. त्यानुसार पुढील गोष्टी पाहाव्यात :

• बटणे आणि अक्षरे मोठी, पान हलके.
• दुसरे पान उघडले तरी गाणे चालू राहावे. कुलूपबंद पडद्यावरही थांबवण्याचे बटण आणि गायकाचे नाव दिसावे.
• पान उघडताच गाणे आपोआप सुरू करू नये. बहुतेक ब्राउझर तसे करूही देत नाहीत.
• दोन भागांत मोडलेल्या रागाच्या मध्ये खंड पडू नये.
• तासाभराच्या मैफलीत 'आलाप', 'विलंबित', 'द्रुत', 'तराणा' अशा खुणा असाव्यात.
• ऐकता ऐकता सोडले तर पुढच्या वेळी तेथूनच सुरू व्हावे.
• साथीदारांची नावे दुसऱ्या पानावर न दडवता गाण्याच्या खालीच दिसावीत.

शोधाकडे विशेष लक्ष द्यावे. मालकंस आणि मालकौंस, ललत आणि ललित, भूप आणि भूपाली असे एकाच रागाचे उच्चार वेगवेगळे असतात. माळव्यातील मुले मराठी नावे हिंदी वळणाने किंवा रोमन लिपीत टाइप करतात. त्यातच संगणकात 'ॲ' हे अक्षर एकापेक्षा अधिक प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना अक्षर सारखेच दिसते, पण यंत्राला ते वेगळे वाटते आणि शोध रिकामा येतो. अक्षरांची एकच रीत ठरवून घेणे आणि पर्यायी लेखनांची यादी जोडणे, हे दोन उपाय पहिल्या दिवसापासून करावेत.

पाचवी पायरी : पैसा

मोठ्या सेवांत सर्व वर्गणी एका पेटीत जमते आणि एकूण श्रवणांच्या प्रमाणात वाटली जाते. समजा, दोघांनी प्रत्येकी १०० रुपये भरले. एकाने ९० चित्रपटगीते ऐकली, दुसऱ्याने फक्त एका बुवांची १० कीर्तने. एकत्र पेटीतून बुवांना २०० पैकी २० रुपये मिळतात, जरी त्यांच्या श्रोत्याने पूर्ण १०० दिले असले तरी. श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याच्या पद्धतीत बुवांना त्याचे शंभर मिळतात. (सेवेचा खर्च दोन्हीकडे वजा होईल.) आपले लेबल लहान असल्याने ही दुसरी पद्धत पाळणे सहज शक्य आहे.

आणखी एक अडचण लांबीची आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेत ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. मग तीन मिनिटांचे गाणे एक आणि पन्नास मिनिटांचा ख्यालही एकच. रागसंगीत आणि कीर्तन असलेल्या संकेतस्थळाने मिनिटे मोजावीत.

केवळ श्रवणावर लहान लेबल चालत नाही. ऐकणे मोफत आणि उतरवून घेणे किंवा देणगी ऐच्छिक, हा मार्ग अनेकांना जमतो. २००८ मध्ये सुरू झालेले बँडकॅम्प अशाच विक्रीवर उभे आहे. डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के स्वतःकडे ठेवून बाकी रक्कम ते कलावंताकडे जाऊ देते. स्वतःचे संकेतस्थळ बांधण्यापूर्वी तेथे एखादा संग्रह ठेवून पाहणे शहाणपणाचे. आपल्याकडे यूपीआयमुळे पन्नास-शंभर रुपये देणेही सोपे झाले आहे. जमाखर्च वर्षातून एकदा सर्व कलावंतांना पाठवावा. रक्कम छोटी असली तरी कागद जावा. विश्वास त्यावरच बसतो.

सहावी पायरी : टिकाव

संकेतस्थळ बंद पडण्याचे कारण बहुधा साधे असते. नाव-नोंदणीचे नूतनीकरण राहते, संकेतशब्द एकाच व्यक्तीकडे असतो किंवा बांधणारा मुलगा नोकरीला दुसरीकडे जातो. म्हणून नोंदणी मंडळाच्या नावे करावी आणि दोन पदाधिकाऱ्यांकडे चाव्या ठेवाव्यात. मूळ प्रतींचे तीन संच करावेत. ते दोन प्रकारच्या साधनांवर असावेत आणि एक संच गावाबाहेर असावा. नोंदवही साध्या तक्त्यात ठेवावी, म्हणजे उद्या संकेतस्थळ बदलले तरी ती तशीच उचलता येईल. एका गाण्याचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये.

आपल्या परिसरात सुरुवात कोठून करावी

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेल्या गौतमपुऱ्याची ओळख आज दिवाळीनंतरच्या हिंगोट युद्धामुळे आहे. त्यात गौतमपुऱ्याचा पक्ष 'तुर्रा' आणि रुणजीचा 'कलगी'. मराठी वाचकाला ही जोडी लगेच ओळखू येईल. महाराष्ट्रात शाहिरांच्या सवाल-जबाबाचे फड 'कलगी-तुरा' म्हणूनच ओळखले जातात. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. मध्य प्रदेश आणि राजस्थानातही 'तुर्रा-कलगी' नावाची गायनपरंपरा आहे. हिंगोटाची आग दरवर्षी हजारो मोबाइलमध्ये चित्रित होते. या नावांमागचे गाणे मात्र फार थोड्यांनी मुद्रित केले आहे. दोन्ही बाजूंचे गाणे शेजारी शेजारी ऐकता येईल, असा एक छोटा संग्रह मराठी आणि माळवी यांच्यामधला चांगला दुवा ठरेल.

आरंभ मोठा असण्याची गरज नाही. दहा मुद्रणे, दहा पूर्ण नोंदी आणि दहा लेखी परवानग्या, एवढे जमले की संकेतस्थळाचा पाया झाला. बांधणीचे काम जाणत्या मुलांना काही आठवड्यांत करता येते. पण कॅसेटवर तबला कोणाचा आहे, हे सांगणारे काका-काकू आज आहेत, तोवरच विचारता येईल. त्यामुळे क्रम उलटा ठेवावा. आधी टेप घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांच्यासमोर ती वाजवावी, त्यांनी सांगितलेली नावे लिहून घ्यावीत आणि जमल्यास ती त्यांच्याच आवाजात मुद्रित करून त्या गाण्याला जोडावीत. १९०२च्या त्या तबकडीप्रमाणे नाव आवाजाबरोबर राहील.